दादासाठी घेतलेला सायटन बोर्ड आणि ओपनव्हाइब: दीर्घ वापरानंतरचं परीक्षण

ज्यांच्या घरात सगळं कळणारा, पण हात, पाय, जीभ यातलं काहीच हलवता न येणारा माणूस आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. वस्तू अशा: ओपनबीसीआय या अमेरिकी कंपनीचा सायटन नावाचा आठ चॅनलचा ईईजी बोर्ड (म्हणजे डोक्याबाहेरून मेंदूच्या लहरी टिपणारा), सोबत सोन्याचा मुलामा दिलेले वाटीच्या आकाराचे इलेक्ट्रोड, ते डोक्याला चिकटवायची पेस्ट, आणि फ्रान्सच्या इन्रिया संस्थेने तयार केलेलं ओपनव्हाइब हे मोफत सॉफ्टवेअर. मत आधीच सांगून टाकते. बोर्ड चांगला आहे, सॉफ्टवेअर त्याहून चांगलं आहे, आणि यातलं काहीही घरात आणल्यामुळे माणूस मेंदूवाटे लिहायला लागत नाही. तो लागतो महिनोन् महिने सराव केल्यावर. तेवढा सराव करवून घेणारं माणूस घरात असेल तरच पैसे घाला.

दादा एसटीत चालक होता. वाई, पाचगणी, महाबळेश्वर. पसरणी घाटाची वळणं त्याला पाठ होती. ब्रेनस्टेमला, म्हणजे मेंदूच्या तळाच्या खोडाला, स्ट्रोक झाला आणि मानेखालचं सगळं गेलं, चेहरा गेला, बोलणं गेलं. ऐकू येतं, कळतं, आठवतं. डोळे फक्त वर-खाली होतात. वर पाहिलं म्हणजे हो. डॉक्टर याला लॉक्ड-इन म्हणतात. इजा खालच्या भागात असल्यामुळे हालचालीचा बेत आखणारा मेंदूचा वरचा पृष्ठभाग शाबूत असतो, आणि पुढच्या सगळ्या खटाटोपाचा आधार तोच आहे. मी स्वतः डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. त्यामुळे बोर्ड, सोल्डरिंग, फिल्टर याची भीती नव्हती. ज्यांना ती आहे त्यांनी ओळखीतला कोणी इंजिनियर आधी पकडावा. हे खोक्यातून काढून लगेच चालणारं यंत्र नाही, आणि ते वैद्यकीय उपकरण म्हणून विकलंही जात नाही. संशोधनासाठी आणि शिकण्यासाठी आहे असं कंपनी स्पष्ट सांगते.

कोणीही विचारेल, की डोळे हलतात तर डोळ्यांवर चालणारं यंत्र का नाही? आम्हीही तेच आधी पाहिलं. नजरेवर चालणारे आय-ट्रॅकर छान असतात. मोटर न्यूरॉनच्या, म्हणजे स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरत जाण्याच्या, आजारातले रुग्ण त्यावर वर्षानुवर्षं लिहितात. पण त्यांना पडद्यावर सगळीकडे फिरणारी नजर लागते. दादाची नजर आडवी सरकत नाही, एकाचे दोन दिसतात म्हणून एक डोळा झाकलेला असतो, आणि उरलेल्या डोळ्याला मधूनमधून आपोआप वरचा झटका बसतो. वहिनीला खरं वर पाहणं आणि झटका यातला फरक लगेच कळतो. यंत्राला नाही कळत. सायटनचेच दोन इलेक्ट्रोड डोळ्याच्या वर आणि खाली लावून नजरेचा स्विच करता येतो, तो आम्ही केलाही. सकाळी बरा चालला, दुपारपर्यंत पापणी जड झाली की नुसते खोटे हो यायला लागले. तुमच्या माणसाचे डोळे किंवा पापणी यापेक्षा चांगली असेल तर हाच स्विच आधी करून पाहा. आमच्या महिनोन् महिन्यांच्या कामापेक्षा तो तुम्हाला आठवडाभरात जास्त देईल. एखादं बोट, एखादा गाल जरी हलत असला तरी साधा स्विच मेंदूच्या लहरींपेक्षा कितीतरी भरवशाचा. हे बोर्ड विकणारा कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

मेंदूच्या लहरींवर लिहायचा जो सगळ्यात प्रसिद्ध मार्ग आहे, पी-३०० स्पेलर, तोही आमच्या उपयोगाचा नव्हता. १९८८ मध्ये फारवेल आणि डोन्चिन या संशोधकांनी तो दाखवला: पडद्यावर सहा बाय सहाची अक्षरांची चौकट, ओळी आणि रकाने उलटसुलट क्रमाने चमकतात, आपल्या मनातलं अक्षर चमकलं की साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक उसळी येते. एनआयटी रायपूरच्या संशोधकांनी देवनागरीसाठी आठ बाय आठची चौकट करून यावर काम केलं आहे. पद्धत शिकायला सोपी, सराव फार लागत नाही. ओपनव्हाइबमध्ये ती तयारच मिळते. अडचण अशी, की हव्या त्या अक्षरावर नजर नेता आली तरच ती नीट चालते. नजर एका जागी खिळलेल्या माणसाची अचूकता खूप घसरते. म्हणून उरला तो लांबचा रस्ता: हात हलवण्याचा आणि पाय हलवण्याचा मनातून प्रयत्न, आणि त्यातला फरक यंत्राला ओळखायला लावणं.

यात काय होतं ते थोडक्यात. हात-पाय स्वस्थ असताना मेंदूतल्या हालचालीचा हुकूम देणाऱ्या पट्ट्यावर सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांची एक लय चालू असते. हात हलवायला गेलं की हाताच्या भागावर ती लय ओसरते. पाय हलवायला गेलं की डोक्याच्या अगदी मध्यावर फरक पडतो. हात प्रत्यक्षात हलला नाही तरी ही घट होते. ही लय काही मायक्रोव्होल्टची. साधी पापणी लवली तरी त्याच्या कित्येक पट मोठा व्होल्टेज येतो. एवढ्या गदारोळातून ती काढायची.

सायटनबद्दल मला आवडलेल्या गोष्टी. तो पेन्सिल सेलवर चालतो आणि संगणकाशी बिनतारी बोलतो, म्हणजे दादाच्या डोक्याला लावलेली कुठलीही तार घरातल्या विजेला जोडलेली नसते. घरी हा प्रयोग करताना सुरक्षिततेचा हा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. त्यावरची टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एडीएस-१२९९ ही चिप खास ईईजीसाठी केलेली आहे, सेकंदाला २५० नमुने घेते, आणि आलेख पाहून माझ्यासारख्या शिकवणाऱ्या बाईलाही समाधान वाटतं. आराखडे सगळे खुले आहेत. आठच चॅनल आहेत, पण कुठेही लावता येतात. बाजारात डोक्यावर टोपीसारखे चढवायचे आयते हेडसेट मिळतात, त्यातल्या काहींचे इलेक्ट्रोड कपाळावर आणि कानामागे असतात आणि हालचालीच्या पट्ट्यावर एकही नसतो. विकत घेण्याआधी सी-३, सी-झेड आणि सी-४ या त्या पट्ट्यावरच्या जागा त्यात आहेत का ते बघा. नसतील तर या कामासाठी तो हेडसेट निरुपयोगी, मग त्याची जाहिरात काहीही म्हणो.

किंमत: बोर्ड, इलेक्ट्रोड, पेस्ट, कुरिअर आणि कस्टम ड्युटी धरून आमचे लाखाच्या वर गेले. लॅपटॉप जुनाच.

इलेक्ट्रोड लावणं ही दर वेळची कसरत आहे आणि ती वहिनी माझ्याहून चांगली करते. शिंप्याची टेप घ्यायची. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत मोजायचं, निम्म्यावर खूण. मग एका कानासमोरच्या खळग्यापासून दुसऱ्या कानासमोरच्या खळग्यापर्यंत डोक्यावरून मोजायचं, त्याचाही मध्य. दोन्ही मध्य जुळतात तो सी-झेड. दादाचं कानापासून कानापर्यंतचं माप ३६ सेंटिमीटर भरतं. त्याचे वीस टक्के म्हणजे ७.२ सेंटिमीटर डावीकडे सी-३, तेवढंच उजवीकडे सी-४. बाकीचे पाच यांच्या पुढे-मागे. संदर्भाचा आणि ग्राउंडचा असे दोन इलेक्ट्रोड दोन्ही कानांच्या पाळ्यांना. न्हाव्याला दर पंधरवड्याला बोलावून केस अगदी बारीक ठेवतो. डोक्याला तेल अजिबात नाही. आईने सवयीने खोबरेल चोळलं की त्या दिवशी इलेक्ट्रोड धरतच नाहीत. त्वचा ओल्या कापसाने हलकेच घासायची, हरभऱ्याएवढी पेस्ट, वर कापसाची चकती. रेझिस्टन्स दहा किलोओहमच्या खाली आला की पुढे जायचं. डोक्यामागे, उशीवर टेकणाऱ्या भागात इलेक्ट्रोड लावू नका; झोपलेल्या माणसाला तिथे दाब बसून जखम होते. नंतर पेस्ट काढायला कोमट पाणी, ते ओतायला मग, प्लास्टिकचा कागद आणि टॉवेल. हे सगळं रोज होत नाही. आठवड्यातून तीन दिवस आम्ही ठरवले आणि ते धरून ठेवले.

आवाजाचा त्रास, म्हणजे सिग्नलमधल्या गोंगाटाचा. आपल्याकडे विजेची गुणगुण ५० हर्ट्‌झवर असते आणि आमच्या जुन्या घराचं अर्थिंग यथातथाच. हवेची गादी, सक्शन मशीन, ट्यूबलाइट, मोबाइलचा चार्जर, सगळे त्यात भर घालतात. लाइट गेली की दादाचा आलेख सगळ्यात स्वच्छ येतो. सॉफ्टवेअरमध्ये ५० चा नॉच फिल्टर, म्हणजे तेवढीच वारंवारता गाळणारी चाळणी, लावता येतो, पण मूळ गुणगुण कमी करणं जास्त फायद्याचं: लॅपटॉप बॅटरीवर, पलंगाजवळचे प्लग काढलेले, इलेक्ट्रोडच्या तारा एकत्र पीळ देऊन बांधलेल्या. हवेची गादी तेवढी चालूच ठेवायची. पाठीची जखम सिग्नलपेक्षा महत्त्वाची.

आता सराव. ओपनव्हाइबमध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधकांच्या पद्धतीचा तयार प्रयोग आहे: पडद्यावर अधिकचं चिन्ह येतं, मग बाण, आणि माणसाने बाणाप्रमाणे कल्पना करायची. दादाला दिसायला त्रास, म्हणून बाणाऐवजी मी आवाज ठेवला. "हात" आणि "पाय" हे दोन शब्द त्याच्या मुलीच्या, सईच्या आवाजात. डावा हात विरुद्ध उजवा हात असा मूळ प्रयोग आहे, तो सोडून दोन्ही हात विरुद्ध दोन्ही पाय घेतले. यामागे एक चांगलं उदाहरण होतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये झुरिकजवळ क्लोटेनला सायबॅथलॉन नावाची स्पर्धा झाली, त्यात पॅरालिसिस झालेल्या खेळाडूंची मेंदूने खेळायच्या व्हिडिओ गेमची शर्यत होती. स्वित्झर्लंडमधल्याच लोझानच्या ईपीएफएल संस्थेच्या गटाने दोन खेळाडू काही महिने आधीपासून तयार केले होते, याच हात-पाय पद्धतीने. त्यांनी २०१८ मध्ये जे लिहिलं ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यांचं म्हणणं, माणूस आणि यंत्र दोघांनाही शिकायचं आहे, आणि यंत्राला दर दिवशी नव्याने शिकवत बसलं तर माणसाला शिकायला स्थिर काही उरत नाही. म्हणून त्यांनी यंत्राची जुळणी क्वचितच बदलली. यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ रोज नवी जुळणी करायला सांगतात. निरोगी विद्यार्थ्यावर तासाभराचा प्रयोग दाखवायला ते ठीक आहे. दादासारख्या माणसाला मात्र तेच यंत्र कित्येक आठवडे तसंच राहायला हवं, म्हणजे आज काय केल्यावर पडद्यावरची निकालाची पट्टी सरकली ते त्याला उद्या पुन्हा करून पाहता येतं.

पहिले काही आठवडे यंत्राची उत्तरं पन्नास टक्क्यांच्या आसपास होती. दोनच पर्याय असताना पन्नास टक्के म्हणजे छापा-काटा. दादा डोळ्यांनी सांगे की करतोय. काय करतोय ते विचारायला अक्षरं म्हणत बसलो तेव्हा कळलं, की तो आपला हात उचललेला मनात बघत होता, जसा लांबून दुसऱ्याचा हात दिसावा. संशोधनात हे चांगलं ठाऊक आहे: चित्र बघून उपयोग नसतो, आतून जाणीव लागते. आणि पॅरालिसिस झालेल्या माणसाने कल्पना करण्यापेक्षा खरोखर हलवायचा प्रयत्न केला तर सिग्नल बहुधा अधिक ठळक येतो. मग मी त्याला म्हटलं, दादा, हात बघू नकोस. पसरणीच्या वळणावर गाडी आहे, भरलेली आहे, स्टिअरिंग ओढ. आणि पायाची वेळ आली की उतारावर क्लच आणि ब्रेक दोन्ही दाब.

त्याच दिवशी काही झालं नाही. पण पुढच्या आठवड्यांत सी-३ आणि सी-४ वरची लय "हात" म्हटल्यावर खाली जायला लागली, तीही प्रत्येक वेळी त्याच अवधीने, शब्द ऐकल्यावर सेकंदाच्या आत. मी आलेख वहिनीला दाखवला. तिला हर्ट्‌झ-बिर्ट्‌झ कळत नाही, पण खाली जाणारी रेघ तिने बोटाने बरोबर दाखवली. पायाचा फरक फार उशिरा आला. अचूकता सहासष्ट टक्के, सत्तर, मग तापाच्या आठवड्यात परत साठच्या खाली. लघवीच्या इन्फेक्शनने आलेला ताप दोन-चार दिवसांत उतरला, आकडा जागेवर यायला त्याहून खूप जास्त वेळ लागला. झोप झाली नसेल तर नाही, कॅथेटर तुंबला असेल तर नाही, नळीतून जेवण दिल्यावर लगेच तर नाहीच. सकाळी स्पंजिंग झाल्यावर आणि दहाच्या फीडच्या आधी हीच त्याची वेळ ठरली. चांगल्या दिवशी आता ऐंशीच्या आसपास जातो. या क्षेत्रात सत्तर टक्के ही वापरण्याजोगी किमान पातळी समजतात.

एक खबरदारी सगळ्यांनी घ्यावी. दात आवळले, कपाळाला आठी पडली तरी स्नायूंचा सिग्नल इलेक्ट्रोडमध्ये शिरतो आणि यंत्र त्यावरच शिकून बसतं. आकडा छान दिसतो, पण तो मेंदूचा नसतो. आम्ही अधूनमधून एक इलेक्ट्रोड मुद्दाम जबड्यावर लावून पाहतो, की तिथल्या सिग्नलवरून हात-पाय ओळखता येतात का. येत नाहीत, म्हणून निश्चिंत आहे.

हे सगळ्यांना जमेल का? नाही. २०२२ मध्ये होसे मियान यांच्या गटाने, म्हणजे सायबॅथलॉनचे खेळाडू तयार करणाऱ्याच लोकांनी, मानेखाली पॅरालिसिस असलेल्या तिघांना मेंदूवर चालणाऱ्या व्हीलचेअरचा सराव दिला. आठवड्यातून तीन वेळा, दोन ते पाच महिने. सुरुवातीला तिघांची अचूकता ४३ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान होती. एक जण ९५ टक्क्यांच्या वर गेला, आणखी एकाची अचूकताही खूप वाढली, आणि दोघांनी सामानसुमान असलेल्या खोलीतून खुर्ची नेऊन दाखवली. तिसऱ्याची अचूकता सुरुवातीला किंचित वाढली आणि तिथेच राहिली. त्याने कष्ट कमी केले होते असं कुठे लिहिलेलं नाही. यंत्र तेच, शिकवणारे तेच, तरी एकाला नाही जमलं. घरात सराव सुरू करण्याआधी ही गोष्ट रुग्णाला सांगायलाच हवी, नाहीतर तो स्वतःला दोष देतो. दादाला मी पहिल्याच दिवशी सांगितली होती.

लिहिण्याची व्यवस्था मात्र आमची आम्ही केली, कारण मराठीत आयतं काही मिळालं नाही. ओपनव्हाइब निकाल बाहेर पाठवतं, तो घेऊन पायथन या संगणकाच्या भाषेत मी छोटा प्रोग्रॅम लिहिला. यंत्र वर्ग म्हणत जातं: स्वर, क, च, ट, त, प, य, श. हवा तो वर्ग आला की दादाने स्टिअरिंग ओढायचं. मग त्या वर्गातली अक्षरं. अक्षर निवडलं की लगेच काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर, पुढे. "पाय" म्हणजे शेवटचं निवडलेलं खोडायचं. बाराखडी आपल्याला पाठ असते, त्यामुळे पडद्याकडे बघायची गरजच पडत नाही. डोळे मिटूनही लिहिता येतं, आणि दुहेरी दिसणाऱ्या माणसाला ही मोठी सोय आहे. अक्षरांचे आवाजही सईचेच. यंत्राला खात्री पटेपर्यंत ते पुरावा साठवत राहतं आणि खात्री नसेल तर काहीच न निवडता तीच फेरी परत म्हणतं. त्यामुळे चुका कमी झाल्या आणि वेळ वाढला. एका शब्दाला दहा-पंधरा मिनिटं जातात.

वहिनी तोंडाने वर्ग म्हणते आणि दादा डोळ्यांनी हो म्हणतो, ती पद्धत याच्या कितीतरी पट वेगवान आहे. मग हे कशासाठी? दोन कारणांसाठी. अक्षरं म्हणायला समोर माणूस लागतं, आणि ते माणूस अंदाज करतं. दादाने "प" आणि काना दिला की आम्ही म्हणणार, पाणी? तो थकलेला असतो, होय म्हणून टाकतो, आणि त्याला ओठ ओले करणारा कापूस मिळतो. यंत्राला अंदाज करता येत नाही. पहिला सबंध शब्द त्याने यंत्रावर लिहिला तो "पायाखालची" होता. पुढच्या दिवशी "उशी काढा". पायाखालची उशी टाचेला टोचत होती, केव्हापासून ते देव जाणे, आणि प-काना आला की आम्ही त्याला पाणी देत होतो.

दुसरं म्हणजे त्याचं मत. सईने माझ्यासारखा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करावा असं घरात ठरत आलं होतं. दादाला विचारलं होतं, त्याने हो म्हटलं होतं. प्रश्नच तसा होता, हो किंवा नाही. एका सकाळी कोणी काही न विचारता त्याने लिहायला घेतलं, दोन दिवस लागले. "सईला विचारा". आम्ही विचारलं. तिला नर्सिंगला जायचं होतं. आता ती नर्सिंगला आहे. ज्याला फक्त हो-नाही म्हणता येतं, त्याला प्रश्न बदलता येत नाही. मला या बोर्डाचे पैसे तिथे वसूल झाले.

वर्तमानपत्रांत येणाऱ्या बातम्यांशी याची तुलना करू नका. तिथे इलेक्ट्रोड मेंदूवर किंवा मेंदूत बसवलेले असतात. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २०२३ साली ब्रेनस्टेमच्या स्ट्रोकने वाचा गेलेल्या बाईंना, म्हणजे दादाचाच आजार, मेंदूच्या पृष्ठभागावर २५३ इलेक्ट्रोड ठेवून मिनिटाला ७८ शब्दांपर्यंत पोचवलं. वाचून मी रात्रभर जागी होते. पण तिथे कवटीवरच्या जोडणीतून तार निघते आणि भोवती संशोधकांचा ताफा असतो. घरी, आपलं आपण वापरण्याच्या दृष्टीने मला नेदरलँड्समधल्या युट्रेक्टचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. एएलएस हा मोटर न्यूरॉनचा आजार झालेल्या एका बाईंना २०१५ मध्ये पूर्ण आत बसणारं इम्प्लांट दिलं. हात हलवायचा प्रयत्न हीच त्यांची क्लिक. २८ आठवड्यांनी त्या स्वतंत्रपणे लिहू लागल्या, मिनिटाला दोन अक्षरं. घरी त्यांनी ते कित्येक वर्षं वापरलं. डोक्यात यंत्र बसवूनही २८ आठवडे लागले, हे वाचून आमच्या संथपणाचं दडपण कमी झालं. आणखी मागे, १९९९ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या नील्स बिरबाउमर यांनी एएलएसच्या दोन रुग्णांना केवळ डोक्याबाहेरच्या इलेक्ट्रोडवरून पत्र लिहायला शिकवलं, तेही महिनोन् महिन्यांच्या सरावाने. चाचणी संपल्यावर काय, हा प्रश्नही लोकांनी विचारायला हवा. अमेरिकेतल्या ओहायोत एका तरुणाच्या मेंदूत २०१४ मध्ये बसवलेलं इम्प्लांट २०२१ मध्ये काढावं लागलं. ज्या हाताने पुन्हा वस्तू धरायला तो शिकला होता, तो हात पुन्हा गेला. आमचा बोर्ड निदान आमचा आहे, कोणी परत नेणार नाही.

घ्यावं कोणी? नजर, पापणी, बोट, गाल यातलं काहीच भरवशाचं उरलेलं नाही, समज शाबूत आहे, आणि स्वतः रुग्णाला हे करायचं आहे. त्याचा होकार वेगळा, घरच्यांचा उत्साह वेगळा. दादा डोळे मिटून घेतो त्या दिवशी आम्ही पेस्टची डबी उघडतच नाही. नुकताच स्ट्रोक झाला असेल तर थांबा, आधी फिजिओथेरपी आणि अक्षरफलक. घरात एकच माणूस सगळं बघत असेल तर हा भार त्याच्यावर टाकू नका. इलेक्ट्रोड लावणं, काढणं, डोकं धुणं धरून दीड तास सहज जातो, आणि तो दीड तास कोणाच्या तरी झोपेतून येतो. आमच्याकडे आई, वहिनी, मी आणि सुट्टीला आलेली सई अशा चौघी आहोत. पडद्यावर वाकडी-तिकडी रेघ दाखवून महिन्याभरात बोलतं करू म्हणणारा कोणी भेटला तर पैसे देऊ नका.

बोर्डाला मी पाचपैकी चार देईन, ओपनव्हाइबला साडेचार. मराठी अक्षरांचा माझा प्रोग्रॅम आणि सईच्या आवाजाच्या फाइली कोणाला हव्या असतील तर मागा, पैसे नकोत. जोडाक्षरांची फेरी अजून लांबते. "त्र" आणि "ज्ञ" कुठे ठेवावेत यावर दादाचं आणि माझं एकमत झालेलं नाही, सध्या त्याच्या म्हणण्याप्रमाणे "श" च्या वर्गात शेवटी आहेत.